गाडी लॉक झाली, किल्ली हातात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्याच गाडीबाहेर अडकलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. बहुतेक गाड्या काहीही न तोडता उघडतात. नुकसान होतं ते घाईत हाती लागेल ते दारात खुपसल्यामुळे. घाई करायची वेळ एकच: आत कुणी अडकलं असेल तेव्हा. म्हणून तो प्रश्न सगळ्यात आधी घेतला आहे.

गाडीत लहान मूल अडकलं आहे. काय करू?

आधी आपत्कालीन सेवेला फोन करा. सोबत कुणी असेल तर एकाने फोन करावा, दुसऱ्याने मुलाकडे पाहत राहावं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने चढतं आणि तासाभरात ते बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वर जाऊ शकतं. म्हणजे बाहेर हवा सुखद असली तरी आत धोका असतो. काच बोटभर उघडी असल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या ३ ते ५ पट वेगाने तापतं.

मूल जागं असेल, रडत किंवा खेळत असेल आणि गाडी सावलीत असेल, तर मदत येईपर्यंत थोडा वेळ मिळतो. ज्या बाजूने ऊन येतं तिथल्या काचेवर बाहेरून चादर टाका, पण मूल दिसत राहील अशी एक काच मोकळी ठेवा. तीन-चार वर्षांचं मूल मोकळं बसलं असेल तर त्याला हाताने खुणा करून लॉकचं बटण दाबायला किंवा पुढच्या दाराचं आतलं हँडल ओढायला सांगता येतं. मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर तिथलं हँडल ओढून काही होणार नाही, म्हणून त्याला पुढच्या सीटकडे बोलवा.

मूल सुस्त पडलं असेल, हाकेला ओ देत नसेल, अंग लालबुंद दिसत असेल किंवा उलटी झाली असेल, तर थांबू नका. काच फोडा. गाडी उन्हात असेल आणि मदत काही मिनिटांत पोहोचणार नसेल, तर ही लक्षणं दिसायची वाटही पाहू नका. बाहेर काढल्यावर मुलाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घाला आणि डॉक्टरांकडे न्या. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

आजारी किंवा म्हातारं माणूस, कुत्रं, मांजर यांच्यासाठीही हेच.

काच फोडायचीच असेल तर कोणती आणि कशी?

अडकलेल्या व्यक्तीपासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा. पुढची मोठी काच फोडायच्या फंदात पडू नका. ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली, म्हणजे लॅमिनेटेड असते. तडे जातात, पण ती जागची हलत नाही. बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात आणि फुटल्यावर त्यांचे बारीक, बोथट तुकडे होतात. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. काचेच्या कोपऱ्यात छापलेल्या खुणेत ते लिहिलेलं असतं. बाजूची काच फुटूनही जाळ्यासारखी तशीच उभी राहिली, तर तिच्यावर वेळ घालवू नका. मागची मोठी काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते, तिकडे जा.

घाव मधोमध घालू नका. मध्यभागी काच लवते आणि जोर वाया जातो. खालच्या कोपऱ्यात, कडेपासून ३ ते ५ सेंटिमीटरवर मारा. मारायची वस्तू टोकदार आणि कठीण हवी: स्प्रिंगचा पंच, आपत्कालीन हातोडी, नाहीतर चाकाच्या पान्याचं टोक. गोल दगडाने जमतं, पण ताकद कितीतरी जास्त लागते. चेहरा वळवा, हाताला जाड कापड गुंडाळा. काच फुटली की चौकटीत अडकलेले तुकडे कापडाने बाहेरच्या बाजूला ओढून काढा.

मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच स्वस्त पडेल असं वाटतं. ती बऱ्याचदा जास्त महाग असते, डिंकाने चिकटवलेली असते आणि तिच्यातून हात हँडलपर्यंत पोहोचतही नाही.

आणखी एक गोष्ट. काही गाड्यांत रिमोटने लॉक केल्यावर आतलं हँडलही निकामी होतं. याला डेडलॉक म्हणतात. अशा गाडीत काच फोडून हात आत घातला तरी दार उघडत नाही. मग माणसाला खिडकीतूनच बाहेर काढावं लागतं.

आत कुणी नाही. आधी काय तपासू?

सगळी दारं एकेक करून ओढून पाहा, डिकीसुद्धा. सेंट्रल लॉकच्या एखाद्या दाराची मोटर कमजोर झालेली असते आणि तेवढंच दार लॉक झालेलं नसतं. बहुतेक लोक ड्रायव्हरच्या दारापाशीच अडून राहतात. त्यानंतर दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते आठवा. ती यायला दोन तास लागणार असतील तरी, आत कुणी नसेल तर, हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

रिमोट हातात आहे, पण दाबून काहीच होत नाही. का?

बहुतेक वेळा रिमोटची बॅटरी संपलेली असते. ही ३ व्होल्टची नाण्यासारखी चपटी बॅटरी, साधारणपणे सीआर२०३२ किंवा सीआर२०२५. दोघींचा व्यास २० मिलिमीटर, जाडी मात्र अनुक्रमे ३.२ आणि २.५ मिलिमीटर. म्हणून एकीच्या जागी दुसरी बसल्यासारखी वाटते, पण ढिली राहते किंवा झाकण लागत नाही. जुन्या बॅटरीवरचा आकडा पाहूनच नवी घ्या. ती घालताना अधिकची बाजू कुठे होती ते लक्षात ठेवा.

बॅटरी एकदम जात नाही. आधी पल्ला कमी होतो: लांबून उघडणारी गाडी जवळ गेल्यावरच उघडू लागते. असं झालं असेल तर रिमोट दाराला किंवा काचेला टेकवून दाबून पाहा, शेवटचा एखादा सिग्नल पोहोचतो.

बॅटरी नवी असूनही गाडी ऐकत नसेल, तर आसपासचा रेडिओ गोंगाट तपासा. रिमोट ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जवळच्या एखाद्या ट्रान्समीटरने तो दबू शकतो. तिसरं कारण म्हणजे कोड पुढे निघून जाणं. रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो आणि गाडी पुढच्या काही कोडची वाट पाहत असते. लहान मुलाने घरात बसून शेकडो वेळा बटण दाबलं तर दोघांची जुळणी तुटते. अनेक गाड्यांत धातूच्या किल्लीने दार उघडून गाडी सुरू केली की ती पुन्हा जुळते, काहींत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत करावी लागते.

माझ्या रिमोटला किल्लीच नाही आणि दारावर कुलपाचं छिद्रही दिसत नाही.

बहुतेक वेळा दोन्ही असतात, लपवलेली असतात. स्मार्ट रिमोटच्या कडेला किंवा पाठीला छोटं सरकतं बटण असतं. ते सरकवून वरचं टोक ओढलं की आतून धातूची चपटी किल्ली निघते. छिद्र बहुतेक करून ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलच्या मागच्या टोकाला, रंगीत झाकणाखाली असतं. हँडल ओढून धरा आणि त्या झाकणाच्या खालच्या कडेला बारीक खाच आहे का ते बोटाने चाचपा. खाचेत किल्लीचं टोक घालून हळूच वर उचला. झाकण प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसलेलं असतं, म्हणून तिरकं ओढू नका.

किल्ली पूर्ण आत जाईपर्यंत फिरवू नका. हे छिद्र वर्षानुवर्षं वापरलेलं नसतं, त्यामुळे आतल्या पत्र्या आखडतात. ग्रॅफाइट पूड किंवा सुकं पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे थोडंसं मारून किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. खाद्यतेल किंवा जाड ग्रीस घालू नका, धूळ धरून काही महिन्यांत ते आणखी घट्ट होतं.

दार असं उघडल्यावर अलार्म वाजण्याची शक्यता आहे. गाडी रिमोटने बंद झाली होती आणि उघडली किल्लीने, म्हणून तिला ते घुसखोरी वाटतं. घाबरू नका. आत बसा, ब्रेक दाबा, स्टार्टच्या बटणाला रिमोट टेकवा आणि ते बटण दाबा. काही गाड्यांत रिमोट ठेवायचा खास कप्पा असतो. इमोबिलायझर म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा; रिमोटमधली तिची चिप बॅटरीवर चालत नाही, गाडीतल्या कॉइलमधून तिला वीज मिळते. म्हणून मेलेल्या रिमोटनेही गाडी सुरू होते आणि अलार्म थांबतो.

रिमोट ठीक आहे, गाडीचीच बॅटरी उतरली आहे. आत कसं जाऊ?

वरच्याच धातूच्या किल्लीने. ती थेट कुलूप फिरवते, तिला वीज लागत नाही. फक्त एवढंच की ती साधारणपणे ड्रायव्हरचंच दार उघडते, बाकीची दारं आतून उघडावी लागतात. मग बॉनेटचा खटका ओढून जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून वीज आणणारी वायर, लावता येते. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ११.८ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी.

बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडणारी असेल तर लोक गोंधळतात. अशा गाड्यांत बॉनेटखाली जंपर लावण्यासाठी वेगळे टोक दिलेले असतात, लाल झाकणाखाली पाहा.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही दारं १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर अवलंबून असतात. मोठी बॅटरी भरलेली असूनही ती उतरली की गाडी उघडत नाही. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये पुढच्या बंपरवरच्या टोइंगच्या झाकणामागे दोन वायरी असतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की पुढचं झाकण उघडतं आणि छोट्या बॅटरीपर्यंत हात जातो. तुमच्या गाडीची अशी सोय कुठे आहे, हे पुस्तिकेत आजच शोधून त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बॅटरी उतरेल तेव्हा पुस्तिका लॉक झालेल्या गाडीतच असेल.

मोबाइल अ‍ॅपवरून दार उघडता येतं का?

गाडी इंटरनेटला जोडलेली असेल, सेवा चालू असेल आणि तुमचं खातं आधीच नोंदवलेलं असेल तर येतं. अ‍ॅप नसेल तरी त्याच सेवेच्या मदत केंद्राला फोन करून, ओळख पटवून दार उघडून घेता येतं. अडचण येते ती तळघरातल्या पार्किंगमध्ये. तिथे तुमच्या फोनला रेंज मिळून उपयोग नाही, गाडीला मिळायला हवी.

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून सळई घालून उघडतात, ते मला जमेल का?

साधनं योग्य असतील तर जमण्यासारखं आहे, पण गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान याच प्रकारात होतं. कुशल चावीवाला हेच करतो, फरक साधनांचा आणि सबुरीचा.

लागतात त्या गोष्टी अशा: हवेची पिशवी, प्लास्टिकची पाचर आणि टोकाला रबर लावलेली लांब सळई. पुढच्या दाराची मागची वरची कड निवडा, तिथे चौकट सगळ्यात जास्त लवते. रंगावर आधी टेप लावा. प्लास्टिकची पाचर हाताने दाबून पिशवी जाईल एवढी फट करा, पिशवी रिकामी असतानाच आत सरकवा आणि हळूहळू हवा भरा. सळई जाण्यापुरती, १ सेंटिमीटरच्या आसपास फट पुरते. त्याहून जास्त भरायचा मोह टाळा. चौकट एकदा कायमची वाकली की पावसात पाणी झिरपतं आणि वेगात वाऱ्याची शिट्टी वाजते. पिशवी काचेवर नको, चौकटीवर टेकली पाहिजे, नाहीतर काच फुटते. हातोडीने ठोकलेला स्क्रूड्रायव्हर हे या साधनांचं काम करत नाही. तो पत्रा चेपतो आणि रबर फाडतो.

सळईने काय दाबायचं हे आत घालण्याआधीच दुसऱ्या काचेतून पाहून ठरवा. अनलॉकचं बटण सोपं, पण रिमोटने लॉक केलेल्या काही गाड्यांत ते मुद्दाम बंद केलेलं असतं. तेव्हा आतलं हँडल ओढा. काही गाड्यांत पहिल्या ओढीने लॉक सुटतं आणि दुसऱ्या ओढीने दार उघडतं, म्हणून एकदा ओढून सोडून देऊ नका. कधी कधी किल्लीच सीटवर पडलेली असते आणि सळईच्या टोकाने रिमोटचं बटण दाबणं सगळ्यात सोपं ठरतं. डेडलॉक असेल तर हँडलचाही उपयोग नाही, तिथेच थांबा.

चौकट नसलेली दारं, म्हणजे ज्यांत काच थेट छताच्या रबराला टेकते, त्यांना ही पद्धत लावू नका.

दोरीच्या फासाने उघडतं म्हणतात, खरं का?

जुन्या गाडीत, दाराच्या कडेवर उभी लॉकची खुंटी असेल आणि तिचं डोकं दांड्यापेक्षा रुंद असेल, तरच. दीड-दोन मीटर दोरीच्या मध्यभागी सरकता फास करा. दोरीची दोन टोकं दाराच्या वरच्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना धरून करवतीसारखी पुढे-मागे करत फास आत उतरवा. तो खुंटीवर बसला की दोन्ही टोकं ताणून फास आवळा, मग वर ओढा. खुंटी गुळगुळीत आणि निमुळती असेल तर फास निसटतो, हट्ट करू नका.

काचेच्या रबरातून पोलादी पट्टी घालणं?

नव्या गाडीत करू नका. पूर्वी दारात कुलपापासून खटक्यापर्यंत उघड्या सळया असत आणि पट्टीला त्या सापडत. आता तिथे आवरणातून जाणाऱ्या केबल असतात आणि खटक्याभोवती प्लास्टिकचं कवच. शिवाय त्याच पोकळीत काचेची मोटर, वायरी आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅगला खबर देणारा सेन्सर असतो. दार उघडत नाही, वायर मात्र तुटते.

टेनिसचा चेंडू कुलपावर दाबणं, किंवा घरच्या रिमोटचा आवाज फोनवरून ऐकवणं?

दोन्ही चालत नाही. चेंडूतली हवा कुलपात जाऊन काही ढकलेल अशी रचना तिथे नसते. रिमोट रेडिओ लहरी पाठवतो आणि फोन आवाज पोहोचवतो. रिमोटची लहर फोनच्या माइकमध्ये शिरतच नाही.

किल्ली डिकीत राहिली आहे.

एखादं दार उघडं असेल तर आतून डिकीचा खटका ओढा किंवा मागची सीट पाडून हात घाला. खटका चालत नसेल तर तो कधी कधी कुलपाने बंद केलेला असतो, त्यासाठी किल्लीच लागते. दारंही बंद असतील तर आधी दाराचा प्रश्न सोडवा, डिकीच्या कुलपाशी झटापट करू नका.

इंजिन चालू आहे आणि दारं बंद झाली.

गाडी मोकळ्या हवेत असेल तर मदतीची वाट पाहता येते. बंद गॅरेजमध्ये असेल तर शटर उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा, इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालू इंजिनखाली सुकं गवत नसल्याची खात्री करा.

चावीवाल्याला बोलावताना काय सांगू, काय पाहू?

आधी विमा पॉलिसी आणि गाडीची रस्त्यावरच्या मदतीची योजना तपासा. लॉक झालेली गाडी उघडून देणं अनेकदा त्यात असतं. चावीवाल्याला फोनवर मॉडेल, वर्ष, किल्ली आत आहे की हरवली, आणि गाडी रिमोटने लॉक झाली की किल्लीने, हे सांगा. शेवटच्या माहितीवरून डेडलॉक आहे का ते त्याला कळतं. एकूण किती घेणार हे तो निघण्याआधीच विचारा.

तो तुमच्याकडे ओळखपत्र आणि गाडीची मालकी दाखवणारा कागद मागेल. मागायलाच हवा. कागद गाडीत असतील तर दार उघडताक्षणी दाखवा. काहीही न विचारता कुणाचीही गाडी उघडून देणाऱ्याला तुमच्या गाडीला हात लावू देऊ नका. आल्या आल्या ड्रिल काढणाऱ्यालाही थांबवा. कुलूप फोडणं हा शेवटचा उपाय आहे, बहुतेक गाड्या त्याआधीच उघडतात.

सगळ्याच किल्ल्या हरवल्या तर?

मग दार उघडून भागत नाही. कुलपावरून किंवा किल्लीच्या कोडवरून नवी किल्ली कापता येते, पण तिच्यातली चिप गाडीच्या इमोबिलायझरमध्ये नोंदवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. हे काम अधिकृत सेवा केंद्र किंवा ते यंत्र असलेला चावीवाला करतो. नवी गाडी घेताना किल्ल्यांसोबत छोटी पट्टी किंवा कार्ड मिळतं, त्यावर हा कोड असतो. ती पट्टी घरात ठेवा, गाडीत नको. नवी किल्ली नोंदवताना हरवलेल्या किल्ल्या यादीतून काढून टाकायला सांगा.

गाडी आपोआप लॉक कशी झाली?

रिमोटने उघडल्यावर ठरावीक वेळात, अनेक गाड्यांत ३० सेकंदांत, एकही दार उघडलं नाही तर गाडी पुन्हा लॉक होते. तुम्ही फक्त डिकी उघडून, पिशवीसोबत किल्ली आत ठेवून डिकी आपटली, तर नेमकं हेच होऊ शकतं. स्मार्ट किल्ली आत राहिली तर गाडी सहसा ओरडते. पण किल्ली धातूच्या डब्यात किंवा लॅपटॉपला चिकटून असेल, किंवा तिची बॅटरी कमजोर असेल, तर गाडीला ती दिसत नाही. डिकी बंद करण्याआधी किल्ली खिशात, ही सवय लावून घ्या. रिमोटची बॅटरी दोनेक वर्षांनी, बिघडायची वाट न पाहता बदला. सहा महिन्यांतून एकदा धातूच्या किल्लीने दार उघडून पाहा.

किल्ली कुलपातच तुटली.

उरलेला तुकडा दुसऱ्या किल्लीने आत ढकलू नका आणि गोंद लावून चिकटवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका, कुलूप कायमचं जातं. टोक बाहेर दिसत असेल तर बारीक चिमट्याने सरळ ओढा. तुटताना किल्ली तिरकी फिरलेली असेल तर आधी बारीक स्क्रूड्रायव्हरने कुलपाची खाच मूळ उभ्या स्थितीत आणा, नाहीतर पत्र्या तुकड्याला सोडत नाहीत. टोक दिसत नसेल तर चावीवाल्याकडे त्यासाठी आकडीची पातळ पाती असते. दोन्ही तुकडे जपून ठेवा, त्यांच्यावरून नवी किल्ली कापता येते.

थंडीत गोठलेलं कुलूप हाही याच घरातला त्रास आहे. गरम पाणी ओतू नका, ते पुन्हा गोठतं आणि काचेवर पडलं तर काच तडकते. बर्फ वितळवणारा स्प्रे मारा किंवा साध्या धातूच्या किल्लीचं पातं थोडं गरम करून आत घाला. ज्या किल्लीच्या मुठीत चिप आहे तिला आच लावू नका.